झोपेतला होकार

आमच्या गंधाली सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सेक्रेटरी म्हणून माझी बिनविरोध निवड झाली, तेव्हा मी झोपलो होतो.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीतली. रविवार होता आणि आमच्या घरी वालाचं बिरडं झालं होतं. बिरडं-भात जेवल्यावर कोकणी माणसाला एकच काम जमतं आणि ते आडवं होऊन करायचं असतं. पण आमचे चेअरमन प्रल्हादराव यांनी सोसायटीची वार्षिक सभा नेमकी दुपारी तीनला ठेवली होती. प्रल्हादराव वसईच्या कोर्टात नाझर होते. निवृत्तीनंतर त्यांनी कोर्ट सोडलं, पण कोर्टाने काही त्यांना सोडलं नाही. भरल्या पोटी माणसं कमी भांडतात असं त्यांचं मत होतं, आणि ते अनुभवातून आलेलं होतं.

सभा इमारतीखालच्या पार्किंगमध्ये भरली. मी शेवटच्या रांगेत पाण्याच्या पंपाशेजारची खुर्ची धरली. त्या पंपातून पाणी कमी आणि आवाज जास्त येतो, त्यामुळे तो आमच्या कमिटीतलाच एक वाटतो. जमाखर्चाचं वाचन सुरू झालेलं मला आठवतं. त्यानंतर आठवतात त्या एकदम टाळ्याच. सगळे वाजवत होते म्हणून मीही वाजवल्या. सगळे माझ्याकडे बघून हसत होते म्हणून मीही हसलो. माणसाने चारचौघांत तेवढी रीत पाळावी.

मधल्या काळात काय घडलं ते मला जिन्यात गॅब्रिएलने सांगितलं. गॅब्रिएल आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. मूळचा गिरीजचा, तिथे त्याची केळीची वाडी आहे. खोटं बोलणारा माणूस नव्हे. त्याच्या सांगण्याप्रमाणे, जुने सेक्रेटरी बडोद्याला राहायला गेल्यामुळे जागा रिकामी असल्याचं प्रल्हादरावांनी जाहीर केलं आणि कोण पुढे येतंय म्हणून विचारलं. पार्किंगमध्ये नुसता पंप ऐकू येऊ लागला. मग प्रल्हादरावांनी थेट माझं नाव घेतलं. मी त्यांच्याकडेच बघत होतो म्हणे. डोळे अर्धे उघडे होते, चेहऱ्यावर प्रसन्नता होती.

"तुम्ही 'हो' म्हणालात," गॅब्रिएल म्हणाला. "परत विचारलं, नक्की ना? तर म्हणालात, 'त्यात काय एवढं.'"

इथेच माझी खात्री पटली की मी झोपलो होतो. "त्यात काय एवढं" हे वाक्य मी जागेपणी कधीही उच्चारलेलं नाही. रिक्षा करायची की चालत जायचं, याचाही मी दोन्ही बाजूंनी विचार करतो, आणि तोवर रिक्षा निघून गेलेली असते. विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात माझी उभी हयात गेली. तिथे "नाही" हा शब्द किती तऱ्हांनी म्हणता येतो याचंच शिक्षण मिळतं. असा माणूस शुद्धीवर असताना गंधाली सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला कबूल होईल, हे संभवतच नाही. त्या काळात वसईत सेक्रेटरी होणं म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. नळाला पाणी येत नसे. कामणकडून टँकर येई, तो कधी येईल हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसे, आणि नाही आला तर सगळी इमारत बादल्या घेऊन सेक्रेटरीच्या दारात उभी राही.

घरी आल्यावर मी पत्नीला, म्हणजे आशालताला, म्हटलं की हे सगळं रद्द करायला हवं, कारण मी तेव्हा झोपलो होतो. ती सभेतून माझ्याआधीच वर येऊन भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"परत सांगा," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून बसलो. आमच्या संसारात एक वाद लग्नापासून चालू आहे. आशालता माझ्याशी बोलत असते, मी आरामखुर्चीत डोळे मिटून असतो, ती म्हणते तुम्ही झोपलात, मी म्हणतो डोळे मिटलेत, कान उघडे आहेत. "हं, बरोबर, पुढे?" असं मी मधूनमधून म्हणतो आणि तोच माझा पुरावा असतो. झोपलेला माणूस "पुढे?" कसा म्हणेल, या एका मुद्द्यावर मी हा किल्ला इतकी वर्षं लढवला होता. आणि आता सेक्रेटरीपदातून सुटायचं तर जाहीर सांगायचं होतं, की होय, मी झोपेत बोलतो. म्हणजे सोसायटी जिंकायची तर घर हरायचं.

मी पाण्याचा टँकर डोळ्यांपुढे आणला आणि घर हरायचं ठरवलं.

प्रल्हादरावांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकलं. मग निकाल दिल्यासारखं म्हणाले की झोपलेला इसम प्रश्नाचं उत्तर देत नाही. तुम्ही प्रश्नाला धरून उत्तर दिलंत. सबब तुम्ही जागे होतात. मी म्हटलं, मग राजीनामा घ्या. ते म्हणाले, राजीनामा देण्यासाठी आधी पदाचा ताबा घ्यावा लागतो. ताबा घेतला, की निवड मान्य केल्यासारखं होतं. आणि निवड मान्य केली, की झोपेचा मुद्दा निकालात निघतो. फक्त एकच मार्ग आहे, झोपल्याचा पुरावा आणायचा. तो मिळाला तर संमती मुळातच नव्हती असं धरता येईल.

"झोपल्याचा पुरावा कुठून आणायचा?" मी विचारलं.

"ते तुम्ही बघा. पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते," ते म्हणाले. हे वाक्य मी स्वतः ऑफिसात आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलो होतो.

पुढच्या आठवड्यात सगळी इमारत सल्ले घेऊन आली. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू म्हणाल्या, ही बाहेरची बाधा असावी, उंबऱ्यावर लिंबू ठेवा. टेरेसखालच्या मजल्यावरचे एक प्राध्यापक म्हणाले की उपनिषदांत यावर सगळं सांगितलेलं आहे, जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि त्यापलीकडची चौथी अवस्था. मला सेक्रेटरी करण्यात आलं ती कोणती, असं मी विचारल्यावर ते विचारात पडले. गॅब्रिएलने त्याच्या वडिलांची हकिकत सांगितली. ते म्हणे झोपेत उठून वाडीत जायचे, पाटाचं पाणी एकेका वाफ्याला लावायचे आणि परत येऊन पडायचे. सकाळी वाडी भिजलेली बघून गड्याला शाबासकी द्यायचे. या हकिकतीने मला धीर आला, पण प्रल्हादराव म्हणाले की मयत इसमाची साक्ष चालत नाही.

सल्ला देणारे जाताना हळूच विचारत, टँकर कधी येतोय.

शेवटी कामाची गोष्ट बोलली ती गॅब्रिएलची बायको सेलिन. ती एका हॉस्पिटलात सिस्टर आहे. तिने सांगितलं की आमच्याकडे मेंदूच्या डॉक्टर येतात, त्यांच्याकडे यंत्र आहे, माणूस झोपलाय की जागा ते कागदावर रेघांनी उमटतं. तिने वेळही घेऊन दिली.

डॉक्टर ऋतिका वयाने लहान होत्या आणि फारच लक्ष देऊन ऐकत होत्या. अशा माणसासमोर मला उगीच खरं बोलावंसं वाटतं. मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला आणि आशालताला समजावलं, की झोप म्हणजे दिव्याचं बटण बंद करणं नव्हे. मेंदू ही एक मोठी इमारत धरा. सगळ्या मजल्यांवरचे दिवे एकदम जात नाहीत. मध्यभागी एक नाका आहे, बाहेरून येणारा आवाज, उजेड, स्पर्श, बहुतेक सगळं तिथून आत जातं. झोप लागताना त्या नाक्यावरची ये-जा मंदावते. पण एखाद्या मजल्यावर कुणीतरी जागं असतं. जिभेला सवयीचे शब्द असतात, ते बाहेर पडायला फार शुद्ध लागत नाही.

"मग 'हो' म्हणाला तो कोण?" मी विचारलं.

"तुमच्या मेंदूचा एक भाग."

"म्हणजे मी गैरहजर असताना माझ्याच डोक्यात सभा भरली आणि ठराव पास झाला."

"असं म्हणता येईल," त्या म्हणाल्या.

मग मी त्यांना विचारलं की हजर असतो तेव्हा तरी मी नेमका कोणत्या मजल्यावर असतो. त्यांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"तेवढं एक सोडून विचारा," त्या म्हणाल्या. "ते अजून कुणालाच सापडलेलं नाही. इतक्या पेशी मिळून एकमेकींना निरोप देतात हे दिसतं. त्यातून 'मी' कसा उभा राहतो ते दिसत नाही."

मला हे ऐकून बरं वाटलं नाही. मी पन्नाशीला आलेला माणूस, बिल्डरने ताबा दिला नाही इथपर्यंत समजू शकतो, पण आत राहणाऱ्याचाच पत्ता लागत नाही म्हणजे फार झालं.

तपासणीच्या दिवशी मला पलंगावर निजवलं. एका मुलीने माझ्या डोक्याला जागोजागी चिकट मलम लावून तारा चिकटवल्या. मग दिवे मंद करून म्हणाली, काका, आता झोपा. आणि मला झोप येईना. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला अधिकृतपणे, कार्यालयीन वेळेत झोपायला सांगत होतं, आणि मी टक्क जागा. मी मेंढ्या मोजल्या नाहीत, कारण मेंढ्यांशी माझा परिचय नाही. मी विम्याचे नियम आठवले. उलट त्यातल्या एका नियमातली चूक सापडून मी आणखी जागा झालो. यंत्राचा कागद सरकत होता आणि मुलगी जांभया देत होती. तिची झोप छान उमटली असती.

डॉक्टर आत आल्या. त्यांनी विचारलं की एरवी तुम्हाला झोप कशी लागते. मी म्हटलं, आपोआप. आशालता कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "मी बघते." तिने स्टूल माझ्या उशाशी ओढलं आणि चिपळूणच्या तिच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न कसं ठरलं ते सांगायला सुरुवात केली. मुलाकडची माणसं सावर्ड्याची होती, इथपर्यंत मी तिच्याबरोबर होतो.

जाग आली तेव्हा डॉक्टरांच्या हातात लांबलचक कागद होता. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, या इथे बाईंनी बोलायला सुरुवात केली, आणि या इथे तुम्हाला डुलकी लागली. दोन्ही बोटं जवळजवळ एकाच जागी होती. पुढे तीन ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. त्या ठिकाणी मी झोपेत अनुक्रमे "हं", "बरोबर" आणि "पुढे?" असं म्हणालो होतो. त्या मुलीने ते शब्दही बाजूला लिहिले होते, सुवाच्य अक्षरात.

आशालताने तो कागद नीट बघितला. काही बोलली नाही. रिक्षातही बोलली नाही. मलमामुळे माझे केस साळिंदरासारखे उभे राहिले होते. इमारतीच्या फाटकात प्रल्हादराव भेटले, माझ्या डोक्याकडे बघत राहिले आणि नुसतं "मिळाला का?" म्हणाले. मी मान हलवली. केस हलले नाहीत.

डॉक्टरांनी त्या कागदावरून एक दाखला लिहून दिला. सहकार खात्याच्या कचेरीत मी तो दाखवायला गेलो, तेव्हा तिथल्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला. मग अतिशय सौजन्याने मला सांगितलं की कायद्यात सेक्रेटरीच्या अपात्रतेची कारणं दिलेली आहेत, त्यांत झोप नाही. सभेत झोपलेल्या सभासदाची संमती ग्राह्य धरायची की नाही, यावर मार्गदर्शन मागवता येईल. पण एकदा ती अग्राह्य ठरली, तर महाराष्ट्रातल्या किती सोसायट्यांच्या किती ठरावांचं काय होईल, याचा तुम्हीच विचार करा. सोसायटीने विशेष सभा घेऊन आपापसात मिटवलं तर सगळ्यांच्याच सोयीचं, असं म्हणून त्यांनी दाखला माझ्या हातात परत दिला.

इकडे घरात वेगळंच सुरू झालं होतं. आशालता बोलेनाशी झाली. रागावली होती असं नव्हे. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, पण दुपारी मी आरामखुर्चीत बसलो की ती आत निघून जाई. घरात शांतता. आणि त्या शांततेत मला डुलकीसुद्धा लागेना. मी डोळे मिटून बसायचो आणि छताच्या पंख्याची कुरकुर ऐकायचो. इतकी वर्षं बाई कुणाशी बोलत होती, तर एका रिकाम्या खुर्चीशी, हे तिला कागदावर दिसलं होतं. एकदा वाटलं माफी मागावी. पण कशाबद्दल मागायची ते नक्की करता येईना, कारण काय काय ऐकलं नाही ते ऐकल्याशिवाय कसं कळणार. बारावीतली आमची मुलगी ज्ञानदा एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघायची आणि पुस्तकात डोकं घालायची.

विशेष सभा भरली. प्रल्हादरावांनी माझा दाखला मोठ्याने वाचला. वाचता वाचता "पत्नीचे बोलणे सुरू होताच" या शब्दांशी ते थांबले, चष्मा पुसला आणि पुढे वाचलं. सगळ्या बायकांनी आपापल्या नवऱ्याकडे बघितलं. मग त्यांनी जाहीर केलं की सभासद श्रीरंगराव हे निवडीच्या वेळी निद्रिस्त होते हे सिद्ध झालं आहे, सबब जागा पुन्हा रिकामी आहे. जे सभासद त्या दिवशी जागे होते, त्यांच्यापैकी एकाने ती स्वीकारावी. जागे असलेल्यांनी हात वर करावा.

एकही हात वर झाला नाही.

प्राध्यापक म्हणाले की त्यांचा डोळा लागला होता. जोशीकाकूंना गोळीमुळे गुंगी होती. गॅब्रिएलने सांगितलं की घराण्यातच आहे, बापाचं सगळ्यांना माहीत आहे. प्रल्हादराव हताश होऊन म्हणाले, मग जमाखर्चाला मंजुरी दिली कुणी? क्षणभर मला वाटलं की त्यांना एकट्यानेच सगळी सोसायटी नव्याने स्थापन करावी लागणार.

"मी जागी होते," बायकांच्या रांगेतून आवाज आला.

आशालता उभी होती. तिने शांतपणे सांगितलं की ती पहिल्यापासून शेवटपर्यंत जागी होती, जमाखर्चात टँकरची एक खेप दोनदा धरली आहे तेही तिने तेव्हाच ऐकलं होतं, पण तिला कुणी विचारलं नाही. ती सेक्रेटरी व्हायला तयार आहे. प्रल्हादराव म्हणाले, पण सभासद लागतो. ती म्हणाली, फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. प्रल्हादरावांनी कागद काढून बघितले. खरंच होता. मग ते म्हणाले, तरी पहिल्या नावाच्या सभासदाची संमती लागेल. आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"श्रीरंगराव, आपण या क्षणी जागे आहात?"

सगळी सोसायटी वळली. सेलिन उठून माझ्याजवळ आली. तिने माझी नाडी धरली, डोळ्यांत बघितलं आणि चेअरमनना मान हलवून खूण केली. मी "हो" म्हणालो. ते मी जागेपणी म्हणालो याची नोंद झाली.

त्यानंतर आमच्या इमारतीत जे झालं ते थोडक्यात सांगतो. आशालता रिक्षा करून कामणला गेली आणि टँकरवाल्याच्या आईशी बोलून आली. टँकर सकाळी सातला येऊ लागला. टँकरवाल्याच्या आईशी बोलावं हे कुठल्याही सेक्रेटरीला आजवर सुचलं नव्हतं. आणि तिने पहिल्याच नोटिशीने सोसायटीच्या सभांची वेळ दुपारी तीनवरून सकाळी दहाची केली.

मार्चमधल्या एका रविवारी मी तिला म्हटलं, चल, राजोडीला जाऊ. घरात बोलायला मला भीती वाटत होती. किनाऱ्यावर ओल्या वाळूतून चालत आम्ही बरंच लांब गेलो. होड्या वर ओढून ठेवल्या होत्या, वारा होता. मी धीर करून म्हटलं, "आशा, तू बोलेनाशी झालीस. वाईट वाटलं ना तुला, मी ऐकत नव्हतो म्हणून?"

ती थांबली. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला हसू आवरेना.

"अहो, ते मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे," ती म्हणाली. "मी गप्प होते ती काळजीने."

"कसली काळजी?"

"प्रल्हादराव म्हणाले ना, झोपेतली संमती धरता येत नाही. मग माझं सगळंच रद्द होईल की काय, असं वाटलं."

मग ती सांगू लागली. जागेपणी तुम्हाला काहीही विचारलं की तुम्ही नाही म्हणता. दोन्ही बाजूंनी विचार करता आणि नाही म्हणता. म्हणून मी मोठ्या गोष्टी तुम्ही खुर्चीत डोळे मिटलेत की विचारायचे. गिरगावची भाड्याची खोली सोडून वसईला यायचं का, हे मी तसंच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, त्यात काय एवढं. फ्लॅटवर माझं नाव घालायचं का, म्हणालात, हो. दुसऱ्या दिवशी मी सांगायचे की तुम्ही काल हो म्हणालात, आणि तुम्ही झोपलो होतो असं कबूल करायला तयार नसायचात. मग मुकाट्याने सह्या करायचात.

मी वाळूत बसलो. वसई, घर, सकाळी खिडकीतून दिसणारी नारळाची झाडं, ज्यांच्याकडे बघत मी चहा पितो, हे सगळं दुसऱ्याच कुणी तरी ठरवलेलं होतं. आणि सगळं बरोबर ठरवलेलं होतं. मी आठवून आठवून बघितलं, मी जागेपणी घेतलेला एकही असा निर्णय मला सापडेना. माझ्या आत राहणारा तो दुसरा इसम माझ्यापेक्षा मोठ्या मनाचा होता, आणि आशालताची त्याच्याशी माझ्यापेक्षा जुनी ओळख होती. मला त्याचा थोडा मत्सर वाटला.

तीही शेजारी बसली. बराच वेळ पायावरची वाळू झटकत राहिली. मग म्हणाली, "ज्ञानदाला बारावीनंतर दापोलीला जायचंय, शेतीच्या कॉलेजात. वसतिगृहात राहील. ती तुम्हाला विचारायला घाबरते."

माझ्या तोंडात "नाही" तयार होतं. एकटी मुलगी, लांबचं गाव, आणि शेती शिकून करायचं काय, अशा दोन्ही बाजू एकदम उभ्या राहिल्या. आशालता समुद्राकडे बघत होती, माझ्याकडे बघत नव्हती.

मी डोळे मिटले आणि हो म्हणालो.